‘ब्रोक लेग’ नव्हे, ‘ब्रोक माय लेग’: इंग्रजी क्रियापदांशेजारचे माय, हिज, युअर

साताऱ्यात संध्याकाळी इंग्रजी बोलायला शिकणाऱ्यांत तऱ्हेतऱ्हेची माणसं असतात. एमआयडीसीत शिफ्ट करणारी, महाबळेश्वर-पाचगणीच्या हॉटेलांत रिसेप्शनवर बसणारी, नर्सिंग शिकणाऱ्या मुली, फौजेतून निवृत्त होऊन दुसरी नोकरी शोधणारे. काळ त्यांना बऱ्यापैकी येतात, शब्दही असतात. तरीही ‘आय वॉश्ड हँड्स’, ‘ही ब्रोक लेग’, ‘आय चेंज्ड माइंड’ अशी वाक्यं सहज तोंडातून जातात. ऐकणाऱ्याला अर्थ कळतो, पण वाक्य अर्धवट वाटतं. कारण इंग्रजीत अशा क्रियापदांना नुसती वस्तू चालत नाही, ती कोणाची हेही सांगावं लागतं.

माय, युअर, हिज, हर, इट्स, अवर, देअर हे शब्द, आणि नावाला अपॉस्ट्रॉफी-एस लावून होणारी ‘फादर्स’, ‘डॉक्टर्स’ ही रूपं, या सगळ्यांना मी इथे मालकीचे शब्द म्हणेन. व्याकरणाच्या पुस्तकात ते सर्वनामांच्या प्रकरणात असतात आणि क्रियापदं वेगळ्या प्रकरणात. बोलताना मात्र दोघं एकत्रच येतात, म्हणून ती एकत्रच शिकावीत असं माझं ठाम मत आहे.

पायरी पहिली: आपल्या वाक्यातला मालक कुठे आहे ते बघा

इंग्रजी वाक्य जुळवण्याआधी मनातल्या मराठी वाक्याकडे नीट बघा. मराठीत मालक दोन तऱ्हांनी वागतो.

एक म्हणजे तो बोललाच जात नाही. ‘हात धुतले’, ‘दात घासले’, ‘केस विंचरले’, ‘आईला फोन केला’. कोणाचे हात, कोणाची आई, हे विचारायची गरज पडत नाही. ‘मी माझे हात धुतले’ असं कोणी म्हटलं तर उलट प्रश्न पडतो, की मग दुसऱ्या कोणाचे धुणार होता? इंग्रजीत मात्र ‘आय वॉश्ड माय हँड्स’, ‘आय कॉल्ड माय मदर’ हेच साधं वाक्य आहे. त्यात जोर नाही, ठसका नाही.

दुसरी तऱ्हा जास्त अडवणारी आहे आणि तिच्यावर थोडा वेळ थांबायला हवं. ‘माझा पाय मोडला.’ या वाक्यात कर्ता आहे पाय. मी केवळ त्याचा मालक म्हणून ‘माझा’मध्ये उभा आहे. मराठीत नकळत घडलेल्या गोष्टी आपण अशाच सांगतो, कारण त्या मी केलेल्या नसतात, माझ्या बाबतीत घडलेल्या असतात. इंग्रजी इथे माणसाला उचलून वाक्याच्या सुरुवातीला बसवतं आणि शिवाय वस्तूच्या आधी त्याची खूणही ठेवतं: ‘आय ब्रोक माय लेग’. म्हणजे मी दोनदा आलो, एकदा ‘आय’ म्हणून आणि एकदा ‘माय’ म्हणून. यात ‘मी मुद्दाम मोडला’ असा अर्थ अजिबात नाही. पुष्कळ जण त्या शंकेनेच हे वाक्य टाळतात आणि ‘माय लेग ब्रोक’ म्हणतात. घाबरू नका. हाड मोडलेला इंग्रज माणूसही ‘आय ब्रोक माय लेग’ असंच सांगतो.

या एका अदलाबदलीने केवढी वाक्यं हाताला लागतात बघा. माझी पर्स हरवली: ‘आय लॉस्ट माय पर्स’. माझी नोकरी गेली: ‘आय लॉस्ट माय जॉब’. माझा तोल गेला: ‘आय लॉस्ट माय बॅलन्स’. माझा आवाज बसला: ‘आय लॉस्ट माय व्हॉइस’. माझी भूक मेली: ‘आय लॉस्ट माय ॲपेटाइट’. त्याचा पारा चढला: ‘ही लॉस्ट हिज टेम्पर’. आम्ही वाट चुकलो: ‘वी लॉस्ट अवर वे’. माझा विचार बदलला: ‘आय चेंज्ड माय माइंड’. तिचा घोटा मुरगळला: ‘शी ट्विस्टेड हर अँकल’. मराठीत गेला, बसला, मेली, चढला, चुकलो अशी वेगवेगळी क्रियापदं आहेत. इंग्रजीत त्यातल्या बहुतेकांचं काम एकटं ‘लूज’ करतं, मात्र शेजारी माय किंवा हिज असेल तरच. ‘माझी बस चुकली’ याला ‘आय मिस्ड माय बस’ आणि ‘आय मिस्ड द बस’ दोन्ही चालतं. स्वारगेटची गाडी पोवई नाक्यावरून निघून गेली, तर यातलं कुठलंही बिनधास्त म्हणा.

म्हणून पहिला सराव असा करा. दिवसभरात तुम्ही स्वतः बोललेली ‘माझा, माझी, माझं’ने सुरू होणारी वाक्यं संध्याकाळी आठवा आणि प्रत्येकात माणसाला पुढे आणून बसवा.

पायरी दुसरी: शरीर

स्वतःच्या शरीराला स्वतः काही केलं, तर मालकीचा शब्द हवाच. ब्रश माय टीथ, कोम माय हेअर, ब्लो युअर नोज, क्लिअर युअर थ्रोट, शेक युअर हेड, श्रग युअर शोल्डर्स, फोल्ड युअर आर्म्स, क्लोज युअर आइज. ‘शेक युअर हेड’ म्हणजे नकारार्थी मान हलवणं, होकारासाठी ‘नॉड’ म्हणतात.

नर्सिंगच्या मुलींना मी एक्स-रेच्या खोलीतली वाक्यं आधी पाठ करायला सांगते, कारण हा फरक तिथे एका दमात दिसतो. रुग्णाला म्हणायचं: ‘टेक अ डीप ब्रेथ’, आणि लगेच ‘होल्ड युअर ब्रेथ’. पहिल्यात ‘अ’, दुसऱ्यात ‘युअर’. श्वास घ्यायचा असतो तेव्हा तो अनेकांतला एक असतो. रोखायचा असतो तेव्हा तो आत गेलेला, तुमचाच असतो. ‘टेक युअर डीप ब्रेथ’ कोणी म्हणत नाही आणि ‘होल्ड अ ब्रेथ’ही नाही. याच पठडीत ‘ओपन युअर माउथ’, ‘स्टिक आउट युअर टंग’, ‘रोल अप युअर स्लीव्ह’ ही वाक्यं येतात.

दुखण्याचं मात्र उलटं आहे. ‘माझं डोकं दुखतंय’चं ‘माय हेड इज पेनिंग’ आपल्याकडे सर्रास ऐकू येतं. भारताबाहेरच्या माणसाला ते खटकतं. ‘आय हॅव अ हेडेक’ म्हणा, म्हणजे ‘माय’ची गरजच उरत नाही. ‘माय हेड हर्ट्स’ हेही बरोबर. आजार ‘हॅव’बरोबर आला की त्याला सहसा मालक लागत नाही: ‘आय हॅव अ फीवर’, ‘आय हॅव अ कफ’.

आणखी एक जागा आहे जिथे शरीराचा भाग असूनही ‘द’ येतो. दुसऱ्याने किंवा दुसऱ्या वस्तूने माणसाला काही केलं, आणि तो माणूस क्रियापदाच्या लगेच पुढे येऊन बसला, तर नंतरच्या अवयवाला ‘द’ लावतात. ‘द बॉल हिट हिम ऑन द हेड.’ ‘शी टूक मी बाय द हँड.’ ‘सर पॅटेड हिम ऑन द बॅक.’ मालक कोण ते ‘हिम’ने आधीच सांगितलं, पुन्हा ‘हिज’ कशाला? पण माणसाला मधून काढलं, की ‘हिज’ परत येतो: ‘द बॉल हिट हिज हेड’.

पायरी तिसरी: नाती, वस्तू, देश

हे लवकर समजतं. आई, भाऊ, बायको, दप्तर, काम, गाव यांना मराठीत मालक लावत नाही तिथे इंग्रजीत लावा. ‘काम संपवलं’ म्हणजे ‘आय फिनिश्ड माय वर्क’. ‘गृहपाठ केला’ म्हणजे ‘आय डिड माय होमवर्क’. जोतीरावांनी बायकोला शिकवलं: ‘जोतीराव टॉट हिज वाइफ’. आपल्या जिल्ह्यातल्या नायगावच्या सावित्रीबाईंचं हे वाक्य वर्गात घेतलं, की ‘हिज’ पटकन लक्षात राहतो.

जिल्ह्यातली आणखी काही थोर नावं याच कामी येतात. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव 1952 साली हेलसिंकीला देशासाठी कुस्ती खेळले आणि कांस्यपदक घेऊन आले. इंग्रजीत ‘ही रिप्रेझेंटेड हिज कंट्री’. आपण ‘देशासाठी’ म्हणून थांबतो, तिथे ते ‘हिज’ लावतात. कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1919 साली कराडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्था काढली आणि आयुष्य शिक्षणासाठी वेचलं. याला ‘ही डिव्होटेड हिज लाइफ टू एज्युकेशन’ म्हणतात. आणि जावळी तालुक्यातल्या केडंबे गावचे तुकाराम ओंबळे, ज्यांनी 26 नोव्हेंबर 2008च्या रात्री गिरगाव चौपाटीवर दहशतवाद्याची रायफल धरून ठेवली आणि सहकाऱ्यांना वाचवलं. त्यांच्याबद्दल बोलताना ‘ही लॉस्ट हिज लाइफ’ व्याकरणाने चुकीचं नाही. पण त्यांनी प्राण दिले, म्हणून ‘ही गेव्ह हिज लाइफ’च म्हणा. ‘लूज’मध्ये जीव जातो, ‘गिव्ह’मध्ये तो दिला जातो. भाऊरावांसाठी मात्र ‘डिव्होटेड’च ठेवा, कारण ‘गेव्ह हिज लाइफ फॉर’ म्हटलं की ऐकणाऱ्याला मृत्यूच दिसतो.

पायरी चौथी: स्वतःचा, दुसऱ्याचा, की कोणाचाही

ठरलेल्या जोड्या, म्हणजे ‘लूज’ आणि ‘टेम्पर’सारखे नेहमी एकत्र येणारे शब्द, पाठ करताना मालकाची जागा कोणाला देता येते, हेही त्यांच्याबरोबर शिकायचं असतं.

काही क्रियापदं फक्त स्वतःच्याच वस्तूवर चालतात. लूज युअर टेम्पर, डू युअर बेस्ट, टेक युअर टाइम, होल्ड युअर ब्रेथ, मेक अप युअर माइंड, कीप युअर वर्ड. ‘मी त्याचा टेम्पर लॉस्ट केला’ हे शक्यच नाही. इथे मालकीचा शब्द नेहमी कर्त्याला शोभेल असाच येतो: आय-माय, यू-युअर, शी-हर, दे-देअर.

काही फक्त दुसऱ्याच्या वस्तूवर चालतात. थट्टा करणं म्हणजे ‘पुल समवन्स लेग’. स्वतःची थट्टा सांगायला ‘आय पुल्ड माय लेग’ म्हणालात, तर लोक पायाला लचक भरली असं समजतील. ‘कॅच समवन्स आय’ म्हणजे कोणाचं लक्ष वेधणं, ‘गेट ऑन समवन्स नर्व्ह्ज’ म्हणजे कोणाच्या डोक्यात जाणं. हेही असेच: ‘हिज म्युझिक गॉट ऑन माय नर्व्ह्ज’.

तिसऱ्या गटात दोन्ही चालतं आणि अर्थ त्यावर ठरतो. ‘आय चेंज्ड माय माइंड’ म्हणजे माझा विचार बदलला. ‘आय चेंज्ड हिज माइंड’ म्हणजे मी त्याचं मन वळवलं. ‘आय वेस्टेड माय टाइम’ आणि ‘आय वेस्टेड हिज टाइम’ ही दोन वेगळी दुःखं आहेत. मुलाखतीच्या शेवटी ‘आय वोन्ट टेक मोअर ऑफ युअर टाइम’ असं म्हणता येतं, आणि हॉटेलात पाहुण्याला सावकाश जेवा म्हणायला ‘प्लीज टेक युअर टाइम’. दोन्हींत ‘टेक’, ‘युअर’ आणि ‘टाइम’ आहेत, पण पहिल्यात मी तुमचा वेळ घेतो आणि दुसऱ्यात तुम्ही तुमचाच. रिसेप्शनवर काम करणाऱ्यांनी हे दोन प्रयोग एकमेकांत मिसळू देऊ नयेत.

शिकणाऱ्यांसाठी काढलेल्या चांगल्या इंग्रजी शब्दकोशांत हा फरक छापलेला असतो, पण तो बघायचा कसा हे कोणी सांगत नाही. जोडीत ‘युअर’ किंवा ‘वन्स’ लिहिलं असेल तर मालक कर्ताच. ‘समबडीज’ लिहिलं असेल तर दुसराही चालतो, बहुतेकदा दुसराच लागतो. वहीत जोडी उतरवताना ही खूण सोडू नका. नुसतं ‘लूज टेम्पर’ लिहून ठेवाल तर महिन्याने तेच तोंडात येईल.

पायरी पाचवी: जिथे मालक नको

वरचं सगळं अंगवळणी पडलं, की हात सुटतो आणि माणूस सगळीकडे ‘माय’ लावायला लागतो. ते आवरायला हवं. टेक पार्ट, टेक केअर, लूज वेट, लूज होप, लूज कॉन्शसनेस, मेक सेन्स, गिव्ह बर्थ, गो होम यांत मालक येत नाही. ‘तिची शुद्ध हरपली’ हे वाक्य दिसायला ‘माझा आवाज बसला’सारखंच आहे, तरी ‘शी लॉस्ट कॉन्शसनेस’ एवढंच. याला नियम नाही. ही यादी कानाने आणि वाचनानेच पक्की होते.

काही जोड्यांत तर मालक लावला-काढला की अर्थच पालटतो. ‘शी लॉस्ट हार्ट’ म्हणजे ती खचली. ‘शी लॉस्ट हर हार्ट टू हिम’ म्हणजे तिचं त्याच्यावर मन जडलं. ‘ही लॉस्ट साइट ऑफ द बस’ म्हणजे बस त्याच्या नजरेआड गेली. ‘ही लॉस्ट हिज साइट’ म्हणजे त्याची दृष्टी गेली. ‘द मीटिंग टूक प्लेस’ म्हणजे सभा झाली. ‘अ न्यू मॅनेजर टूक हिज प्लेस’ म्हणजे त्याच्या जागी नवा मॅनेजर आला. या जोड्या वहीत शेजारी-शेजारीच लिहा.

दोघांनी मिळून करायच्या गोष्टीतही मालक गळतो: शेक हँड्स, होल्ड हँड्स, टेक टर्न्स. पण ‘वेट युअर टर्न’ म्हणताना तो परत येतो, कारण पाळी एकट्याची असते.

पायरी सहावी: करून घेतलं

गोडोलीच्या गॅरेजमध्ये तुम्ही गाडी सर्व्हिसिंगला दिली. घरी आल्यावर ‘आय सर्व्हिस्ड माय बाइक’ म्हणालात, तर स्पॅनर तुम्हीच हातात धरला होता असं वाटेल. ‘आय हॅड माय बाइक सर्व्हिस्ड’ म्हणा. मराठीतलं ‘करून घेणं’ इंग्रजीत ‘हॅव’ किंवा ‘गेट’ने होतं आणि मालकासह वस्तू मध्ये बसते. दाखला काढून घेतला, रक्त तपासून घेतलं, चष्मा दुरुस्त करून घेतला: ‘आय हॅड माय ब्लड टेस्टेड’, ‘आय गॉट माय ग्लासेस रिपेअर्ड’. केस कापून घेतले म्हणजे ‘आय हॅड माय हेअर कट’. बोलताना ‘आय कट माय हेअर’ही ऐकू येतं, पण ज्या नोकरीत नेमकेपणा लागतो तिथे ‘हॅड’ वापरलेलं बरं.

पायरी सातवी: आदर आणि अनेकवचन

ही चूक खास आपली आहे. ‘सर त्यांची छत्री विसरले’ असं आदराने म्हणणारा माणूस इंग्रजीत ‘सर फर्गॉट देअर अम्ब्रेला’ म्हणतो. इंग्रजीत आदरार्थी अनेकवचन नाही, म्हणून पुरुषासाठी ‘हिज’ आणि स्त्रीसाठी ‘हर’. यात सरांचा अपमान होत नाही, आवाजातला आदर पुरतो.

खरं अनेकवचन असेल तर वस्तूही अनेकवचनी करा. ‘मुलांनी हात वर केला’ आपल्याकडे चालतं. इंग्रजीत ‘द चिल्ड्रन रेज्ड देअर हँड्स’. ‘अपघातात दोघांनी जीव गमावला’ म्हणजे ‘टू पीपल लॉस्ट देअर लाइव्ह्ज’. ‘त्यांनी विचार बदलला’ म्हणजे ‘दे चेंज्ड देअर माइंड्स’. ‘एव्हरीवन’ एकवचनी दिसतो, तरी त्याच्यामागे हल्ली ‘देअर’ सर्वमान्य आहे: ‘एव्हरीवन टूक देअर सीट’. जुन्या पुस्तकांत ‘हिज’ सापडेल, पण आता ‘देअर’च वापरा.

आणखी एक सांगते. ‘रमेशने त्याची वही उचलली’ आणि ‘रमेशने आपली वही उचलली’ यांत मराठी फरक करू शकते. इंग्रजीत दोन्हीला ‘हिज नोटबुक’च. गोंधळ होईल असं वाटलं तर ‘हिज ओन’ म्हणा.

पायरी आठवी: नावाला लागणारा एस

‘दोन दिवसांची रजा’ म्हणजे ‘टू डेज लीव्ह’. एका दिवसाची रजा म्हणजे ‘अ डेज लीव्ह’. कानाला दोन्हीकडे ‘डेज’च ऐकू येतं, पण लिहिताना पहिल्यात अपॉस्ट्रॉफी एसच्या नंतर आणि दुसऱ्यात एसच्या आधी येतो. कंपनीत रजेचा अर्ज इंग्रजीत करणाऱ्याने एवढं नक्की पाळावं.

‘मामाकडे राहिलो’ म्हणताना आपण घर हा शब्द बोलत नाही. इंग्रजीतही बोलत नाहीत: ‘आय स्टेड ॲट माय अंकल्स’. ही वळणं दोन्ही भाषांत सारखी आहेत, म्हणून ती पटकन बसतात. ‘माझा एक मित्र’ मात्र ‘माय वन फ्रेंड’ नाही, ‘अ फ्रेंड ऑफ माइन’. ‘माझं ते पुस्तक’ म्हणजे ‘दॅट बुक ऑफ माइन’. इंग्रजीत ‘अ’, ‘द’, ‘दॅट’ आणि ‘माय’ एका नामापुढे शेजारी बसत नाहीत, एकालाच जागा मिळते.

पाठ्यपुस्तकात ‘डू यू माइंड माय ओपनिंग द विंडो?’ असं वाक्य असतं. ते बरोबर आहे आणि पत्रात शोभतंही. बोलताना ‘माय’च्या जागी इंग्रजी ‘मी’ (me), म्हणजे ‘मी ओपनिंग’, अधिक ऐकू येतं. ‘आय ॲप्रिशिएट युअर हेल्प’ दोन्हीकडे चालतं, तेच आधी शिका.

पडताळा आणि सराव

शंका आली तर मला किंवा कोणाला विचारायची वाट बघू नका. गूगलचा एनग्रॅम व्ह्यूअर मोबाइलवर फुकट उघडतो. त्यात ‘लॉस्ट’, मग एक तारका (*), मग ‘टेम्पर’ असं इंग्रजी अक्षरांत टाका. छापील पुस्तकांत त्या तारकेच्या जागी कोणते शब्द जास्त येतात ते आलेखात दिसतं: हिज, हर, माय, देअर. आता ‘लॉस्ट’, तारका, ‘हार्ट’ टाकून बघा आणि त्याशेजारी नुसतं ‘लॉस्ट हार्ट’. अमेरिकन इंग्रजीचा कोका नावाचा संग्रह अब्जाहून अधिक शब्दांचा आहे, त्यातही तारका चालते आणि वर पूर्ण वाक्यं वाचायला मिळतात. त्यासाठी नाव नोंदवावं लागतं, पैसे लागत नाहीत.

वहीला तीन रकाने करा. पहिल्यात तुमचं स्वतःचं मराठी वाक्य, जसं बोललात तसं. दुसऱ्यात इंग्रजी जोडी, मालकाच्या जागी ‘स्वतः’, ‘दुसरा’, ‘दोन्ही’ किंवा ‘नको’ अशी खूण. तिसऱ्यात त्याच जोडीचं दुसऱ्या माणसाबद्दलचं वाक्य, म्हणजे आय-माय नुसतं पाठ न होता शी-हर आणि दे-देअरही जिभेवर येतील. सुरुवात ‘लूज’पासून करा, मग चेंज, टेक, कीप आणि हॅव घ्या. एका वेळी एकच क्रियापद घ्या आणि त्याची वाक्यं मोठ्याने म्हणा. ‘माय’वर जोर देऊ नका. तो हलका, घाईत म्हणायचा शब्द आहे. जोर ‘लॉस्ट’वर आणि ‘व्हॉइस’वर.